लिसांद्रो बेतान्सेस जिवंत आहेत

१९८४च्या जानेवारीतल्या एका मंगळवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, शिकागोच्या एका स्पॅनिश रेडिओ स्टेशननं गायक लिसांद्रो बेतान्सेस यांच्या निधनाची बातमी दिली. त्या वेळी लिसांद्रो बेतान्सेस माझ्यासमोर बसून डाव्या हातानं ओटमील खात होते.

मी तेव्हा शहरातल्या एका हॉस्पिटलची स्पीच थेरपिस्ट होते. लकवा होऊन ज्यांची वाचा गेली आहे आणि ज्यांना हॉस्पिटलपर्यंत येणं जमत नाही, त्यांच्या घरी जाऊन त्यांना पुन्हा बोलायला शिकवायचं, हे माझं काम. राहायला आम्ही नेपरव्हिलला. सकाळची ट्रेन धरून शहरात यायचं, पुढे बस. माझे बरेचसे पेशंट प्वेर्तो रिको या कॅरिबियन बेटावरून आलेले, म्हणून मी संध्याकाळच्या वर्गाला जाऊन स्पॅनिश शिकले होते. माझा नवरा शेखर म्हणायचा, "शरयू, तुझं स्पॅनिश नागपुरी आहे." त्याला स्वतःला त्यातला एक शब्द येत नव्हता.

बेतान्सेस यांच्याकडे मी ऑक्टोबरपासून जात होते. पहिल्या दिवशी खालच्या मजल्यावरची बाई म्हणाली, "दोन लिसांद्रो वरती आहेत." मला वाटलं, पेशंट दोन आहेत की काय. मग कळलं, वडीलधाऱ्या माणसाच्या नावाआधी स्पॅनिशमध्ये आदरानं 'दोन' लावतात. वर एकच माणूस होता. बासष्ट वर्षांचा, उंच, केस मागे वळवलेले, उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला. समजत सगळं होतं. बोलायला गेलं की दोनच शब्द बाहेर पडत. एक 'नो' आणि दुसरी एक शिवी. लकव्यात असं होतं. शिकलेले हजारो शब्द जातात आणि शिवी तेवढी शाबूत राहते.

ते कोण आहेत हे मला त्यांच्या बायकोनं, नेरेइदानं सांगितलं, तेही दुसऱ्या आठवड्यात. प्वेर्तो रिकोतल्या मायागुएस गावच्या न्हाव्याचा हा मुलगा. बापाच्या दुकानात गिऱ्हाइकांची दाढी होईपर्यंत हा कोपऱ्यात उभा राहून गायचा, आणि लोक दाढी झाली तरी उठायचे नाहीत. पुढे दोन मित्र आणि तीन गिटारी घेऊन त्यानं 'त्रिओ फारोलेस' काढलं. फारोल म्हणजे कंदील. ते बोलेरो गात. बोलेरो म्हणजे संथ लयीतलं प्रेमाचं गाणं, बहुतेक वेळा गमावलेल्या प्रेमाचं. १९५३ साली लिसांद्रोंनी 'तिसरी पायरी' नावाचा बोलेरो रेकॉर्ड केला. त्यात एक माणूस तिच्या घराच्या तिसऱ्या पायरीवर बसून असतो, कारण चौथीवर पाऊल ठेवायची त्याला परवानगी नसते. ते गाणं सगळ्या कॅरिबियन बेटांवर वाजलं. हवाना, कराकास, न्यूयॉर्कची मोठी थिएटरं, सगळीकडे त्यांना बोलावणं. बायका त्यांच्या गाडीच्या काचेवर ओठ टेकवून लिपस्टिकचे ठसे ठेवून जात.

"आणि मग?" मी विचारलं होतं.

"मग नाचाची गाणी आली," नेरेइदा म्हणाली. "बसून रडायला लोकांना वेळ उरला नाही."

त्यात दारूची भर पडली. १९६९ साली ते शिकागोला आले आणि कँडीच्या कारखान्यात साखरेच्या कढयांवर कामाला लागले. नेरेइदा त्याच कारखान्यात पॅकिंगला होती. एक दिवस कढईमागून कुणीतरी गुणगुणतंय, तो आवाज तिनं लहानपणी हजार वेळा ऐकलेला होता. ती हातातलं खोकं तसंच धरून तिथे जाऊन उभी राहिली. दोन वर्षांनी त्यांनी लग्न केलं.

हे सांगता सांगता तिनं 'तिसरी पायरी'ची रेकॉर्ड लावली. आणि लिसांद्रो गाऊ लागले. ज्या माणसाला पाणी मागता येत नव्हतं, तो शब्द न् शब्द स्वच्छ म्हणत होता. माझ्या हातातली पेन्सिल पडली. हे मी पुस्तकात वाचलं होतं, की बोलणं मेंदूच्या एका बाजूला असतं आणि गाणं पुष्कळसं दुसऱ्या. पण पुस्तकात वाचणं वेगळं. त्या दिवसापासून मी त्यांना सुरातून बोलायला शिकवायला लागले. त्यांचा डावा हात धरून टेबलावर ताल द्यायचा आणि 'पाणी हवं' हे गाण्यासारखं म्हणायचं. माझा सूर जन्मापासून बेताचा. मी चुकले की ते डोळे मिटून घेत आणि तर्जनी वर करून मला चढायला सांगत. तीन महिन्यांत असे अकरा शब्द झाले होते.

तर तो मंगळवार. नेरेइदा कामावर गेली होती. स्वयंपाकघरातला रेडिओ नेहमीसारखा चालू होता. 'तिसरी पायरी' लागलं, आणि लिसांद्रो चमचा ठेवून हसले. लगेच त्यांचंच दुसरं गाणं लागलं, मग तिसरं. त्यांनी भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलं, की आज काय आहे. मग निवेदक बोलायला लागला. न्यू जर्सीतल्या एका हॉस्पिटलात काल लिसांद्रो बेतान्सेस यांचं निधन झालं. प्वेर्तो रिकोमधल्या वृत्तपत्रांनी आज सकाळीच ही बातमी दिली आहे. कंदील विझला, असं काहीतरी तो म्हणाला.

मला आधी वाटलं, माझंच स्पॅनिश चुकतंय. पण लिसांद्रोंचा चेहरा पांढरा पडत चालला होता. त्यांनी डाव्या हातानं स्वतःचा गाल चाचपला. मग हात पुढे करून माझ्या स्वेटरची बाही धरली आणि घट्ट धरून ठेवली. मला खरं सांगायचं तर भीती वाटली. ते माझ्याकडे असं बघत होते, जणू ते जिवंत आहेत की नाहीत हे मी काय म्हणते यावर ठरणार आहे.

"तुम्ही इथे आहात," मी म्हणाले.

त्यांनी फोनकडे बोट केलं. स्टेशनचा नंबर निवेदक दर दहा मिनिटांनी सांगत होताच. मी फिरवला.

"मी सेन्योर बेतान्सेस यांच्या घरून बोलतेय. ते जिवंत आहेत."

"आपण कोण, बाई?" माणूस दमलेल्या आवाजात म्हणाला.

"त्यांची थेरपिस्ट."

"तुमची बोली कुठली आहे? तुम्ही प्वेर्तो रिकोच्या नाही."

"मी भारतातली आहे. पण ते इथे माझ्यासमोर बसलेत."

"मग द्या त्यांना फोन."

"त्यांना बोलता येत नाही. लकवा झालाय."

"बोलता येत नाही. बरं."

लिसांद्रोंनी रिसीव्हर माझ्या हातातून ओढून घेतला. "नो," ते म्हणाले. "नो, नो." मग ती शिवी. कपाळावरची शीर ताठ झाली. मग त्यांनी डोळे मिटले, एक श्वास घेतला आणि फोनमध्ये गायला सुरुवात केली. मी त्यांचं गाणं रोज ऐकत होते, पण त्या दिवशी ते ज्या तऱ्हेनं गायले, तसं मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. अर्धं कडवं झाल्यावर ते थांबले आणि रिसीव्हर माझ्याकडे दिला.

"सेन्योरा," तो माणूस म्हणाला, "बातमी दिल्यापासून अशा तुम्ही चौथ्या. आधीच्यानं तर फोनवर गिटारही वाजवली. मेलेल्या माणसाची थट्टा करू नये." आणि फोन ठेवला.

मी लिसांद्रोंना खोटं सांगणार होते, पण त्यांनी पलीकडचं ऐकलं होतं.

अकरा वाजता दाराची बेल वाजली. काळा कोट घातलेली एक अनोळखी बाई कार्नेशनची फुलं घेऊन उभी होती. तिच्यामागे आणखी दोघं. शेजाऱ्यांना खरं ठाऊक होतं, पण ही माणसं लांबून आली होती. बेतान्सेस कुठल्या रस्त्यावर राहतात एवढंच त्यांना माहीत होतं. मी त्यांना आत यायला सांगितलं. त्या बाईनं खुर्चीत बसलेल्या लिसांद्रोंना पाहिलं, छातीवर क्रॉसची खूण केली आणि फुलं तिथेच जमिनीवर ठेवून जिना उतरून गेली.

नेरेइदाला बातमी कारखान्यात कळली. सुपरवायझरनं तिला बाजूला घेऊन सांगितलं, तुझा नवरा गेला, घरी जा. ती कोट न घालता त्या बर्फातून सहा चौक पळत आली. दारात उभी राहून तिनं नवऱ्याला पाहिलं. पुढे येऊन त्याच्या खांद्यावर एक सणसणीत चापट मारली. मग त्याच्या गुडघ्याशी बसली आणि बराच वेळ तिला धाप आवरेना.

संध्याकाळी मी घरी हे सांगितलं तेव्हा शेखर जेवायचा थांबला.

"म्हणजे फोनवर तो स्वतः गायला आणि त्यांना वाटलं नकलाकार?"

"हो."

"अगं, मग फोन कशाला करता? माणूस उचलायचा आणि नेऊन दाखवायचा. मी उद्या हाफ डे टाकतो."

बुधवारी दुपारी आमच्या स्टेशन वॅगनमध्ये व्हीलचेअर घालून आम्ही चौघं त्या रेडिओ स्टेशनवर गेलो. नेरेइदानं त्यांना निळा सूट चढवला होता. रिसेप्शनवरच्या मुलीच्या टेबलावर लिसांद्रोंचा जुना फोटो, काळी रिबीन लावून, उभा केलेला होता. तिनं फोटोकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं आणि उभी राहिली. आतून निवेदक आला. तोच काल फोनवर होता. तो भिंतीला टेकला. शेवटी शेखर इंग्लिशमध्ये म्हणाला, "धिस इज मिस्टर बेतान्सेस. काल तुम्ही त्यांचा फोन ठेवलात."

न्यू जर्सीत वारलेला माणूस दुसराच होता, त्याच नावाचा, जवळपास त्याच वयाचा निवृत्त वेल्डर. निवेदकानं माफी मागितली, रेडिओवरही मागितली, पण घाईघाईत, दोन जाहिरातींच्या मध्ये. प्वेर्तो रिकोच्या वृत्तपत्रांत दुरुस्ती यायला आणखी दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांतच पुढची गोष्ट घडली.

गुरुवारी दुपारी मी त्यांच्याकडे होते. बेल वाजली. दारात तिशी ओलांडलेली एक बाई, पातळ काळा ड्रेस, वर कुणाचा तरी उसना वाटावा असा कोट, हातात लहान बॅग. दात थंडीनं वाजत होते.

"बेतान्सेस कुटुंब इथेच?" तिनं इंग्लिशमध्ये विचारलं. "मी मिलाग्रोस. त्यांची मुलगी. मायागुएसहून आले. रस्त्याचं नाव पेपरात होतं. अंत्यविधी कधी आहे?"

मुलगी आहे हेच मला ठाऊक नव्हतं. मी बाजूला होऊन तिला आत घेणार, तेवढ्यात आतून खोकल्याचा आवाज आला. तिनं माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. लिसांद्रो खिडकीशी बसलेले, गळ्यात नॅपकिन, समोर सूपचा वाडगा.

ती ओरडली नाही. मागे सरकली आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली. मी तिच्याशेजारी जाऊन बसले आणि सगळं सांगितलं: स्ट्रोक, रेडिओ, वेल्डर. तिनं ते ऐकलं की नाही कोण जाणे.

"मी नऊ वर्षांची होते," ती म्हणाली. "कराकासच्या दौऱ्यावर जातो म्हणाले. घटस्फोटाचे कागद पोस्टानं आले. आई कपडे शिवायची. मी शाळेत सांगायची, माझे वडील वारले. माझ्या मुलालाही तेच सांगितलं. परवा रेडिओवर ऐकून तो म्हणाला, आई, आजोबा किती वेळा मरणार?"

"मग तू का आलीस?"

"बघायला. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं असतं, की सुटले असते."

ती उठली, आत गेली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. लिसांद्रोंनी तिला पाहिलं. त्यांनी तिला ओळखलं यात शंकाच नव्हती. हातातला चमचा त्यांनी वाडग्यात ठेवला. त्यांनी तोंड उघडलं. तेवीस वर्षांनी दारात आलेल्या मुलीला बापानं पहिला शब्द उच्चारला तो म्हणजे ती शिवी.

मिलाग्रोस पाषाणासारखी उभी राहिली. मी धावत गेले. "त्यांना ते म्हणायचं नाहीये. त्यांना दुसरा शब्दच सापडत नाही."

"काहीच येत नाही?"

"गाता येतं."

"गाणं नको," ती म्हणाली.

पण त्यांनी ऐकलं नाही. तेवढंच हाताशी होतं म्हणून असेल, ते 'तिसरी पायरी' गायला लागले. दोन ओळी झाल्या असतील. मिलाग्रोसनं पुढे होऊन त्यांच्या तोंडावर हात ठेवला. जोरात नाही, पण पूर्ण.

"हेच," ती मला म्हणाली, हात न काढता. "तीन-तीन आठवडे गायब राहून परत आले की दारात उभं राहून हेच गायचे. आई दरवेळी दार उघडायची." मग ती त्यांच्याकडे वळली. "माझं नाव घ्या. गाऊन नको. बोलून घ्या."

नेरेइदा कामावरून आली तेव्हा तिलाही या मुलीचं असं येणं नवीनच होतं. मुलगी आहे एवढंच ती जाणून होती. तिनं मिलाग्रोसचे भिजलेले बूट पाहिले आणि स्वतःचे लोकरी मोजे आणून दिले. मिलाग्रोसचं परतीचं विमान रविवारचं होतं. ती सोफ्यावर झोपली.

शुक्रवारी आम्ही त्या नावावर काम केलं. मि-ला-ग्रोस, तीन ठोके. मी त्यांचा हात टेबलावर आपटत होते, सुरात म्हणत होते, ते तर्जनी वर करून माझा सूर दुरुस्त करत होते, पण नाव येत नव्हतं. 'मि' यायचं आणि पुढे दार बंद. मिलाग्रोस समोर हाताची घडी घालून बसलेली. मी तिला म्हटलं, "असं परीक्षा घेतल्यासारखं बघू नकोस." ती म्हणाली, "मी शाळेत शिक्षिका आहे. मला असंच बघता येतं."

शनिवारी माझी सुट्टी असते. तरी गेले. नेरेइदाही घरी होती. या वेळी मी मिलाग्रोसला त्यांचा हात धरायला लावलं. तिनं नाइलाजानं धरला. एक, दोन, तीन. एक, दोन, तीन. लिसांद्रोंना घाम आला होता. आठव्या की नवव्या खेपेला त्यांचे ओठ जुळले, आणि तीन ठोक्यांवर, सुराशिवाय, स्वच्छ बोलल्यासारखं, ते म्हणाले,

"उर्सुला."

मिलाग्रोसनं हात सोडला. मी नेरेइदाकडे पाहिलं, तशी तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं हे कुणाचं नाव असणार. त्यांच्या पहिल्या बायकोचं. मिलाग्रोसच्या आईचं. तीन महिन्यांत या माणसानं अजून नेरेइदाचं नाव एकदाही घेतलं नव्हतं.

नेरेइदा उठून स्वयंपाकघरात गेली. नळ वाहत राहिला. मग ती चार कप कॉफी घेऊन बाहेर आली, ट्रे ठेवला आणि मला म्हणाली, "शब्द आहे ना? लिहून घ्या, दोक्तोरा. बारावा."

लिसांद्रो मात्र खुश झाले होते. त्यांनी ते पुन्हा म्हटलं, आणि या वेळी शेवटी सूर वर गेला. उर्सुला? ते विचारत होते. ती कुठे आहे, कशी आहे, असं.

मिलाग्रोस त्यांच्यासमोर बसली. मला वाटलं, ही आता टाळेल. कुणीही टाळलं असतं. "पापी," ती म्हणाली. म्हणजे बाबा. हा शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. "आई गेली. पाच वर्षं झाली. पोटाचा कॅन्सर. तुमचा पत्ता आमच्याकडे नव्हता."

मंगळवारी स्वतःच्या मरणाची बातमी ऐकताना त्यांचा चेहरा पांढरा झाला होता. या वेळी तसं काही झालं नाही. ते फक्त ऐकत राहिले, आणि ती बोलायची थांबली तरी ऐकतच राहिले. मग त्यांनी कॉफीचा कप हळूच दूर सारला, डावा हात उचलला आणि आपल्याच तोंडावर ठेवला, परवा तिनं ठेवला होता तसा.

मिलाग्रोस रविवारी गेली. त्यानंतर दोन महिने लिसांद्रो गायले नाहीत. बोललेही नाहीत, ते बारा शब्दही गेले. मी हात धरला की काढून घेत. फेब्रुवारीत मी माझ्या सुपरवायझरला सांगितलं की ही केस बंद करावी लागेल, मी काहीतरी चुकले. उर्सुलाचा मृत्यू त्या खोलीत, त्या तऱ्हेनं सांगितला जाऊ द्यायला नको होता, असं मला वाटत होतं. आजही मला नक्की ठरवता येत नाही.

पण मिलाग्रोस दर रविवारी फोन करायची. नेरेइदा रिसीव्हर त्यांच्या कानाला लावून धरायची आणि मिलाग्रोस पलीकडून बोलायची: शाळेचं, मुलाचं, छप्पर गळतंय त्याचं. बोलता बोलता ती तिकडच्या टेबलावर बोटानं तीन ठोके द्यायची. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मार्चच्या शेवटी एका रविवारी लिसांद्रोंनी इकडच्या टेबलावर ते ठोके परत दिले. एप्रिलात नाव आलं. नेरेइदानं सोमवारी मला हॉस्पिटलात फोन करून कळवलं आणि म्हणाली, "आज सकाळी माझंही घेतलं. अर्धं. पण मी अर्ध्यालाही ओ दिली."

पुढच्या वर्षी मिलाग्रोस दोघांना मायागुएसला आपल्या घरी घेऊन गेली. तिथे एका चर्चच्या हॉलमध्ये ते एकदा गायले, चार गाणी. 'तिसरी पायरी'ची मागणी झाली तेव्हा त्यांनी मान हलवली. १९८७च्या मार्चमध्ये ते झोपेत गेले. शेवटी शेवटी सव्वाशेच्या वर शब्द झाले होते, असं नेरेइदानं पत्रात लिहिलं.

१९८९ साली शेखर आणि मी तिकडे सुट्टीला गेलो. नेरेइदा शिकागोला परत गेली असेल असं मी धरून चालले होते. ती मिलाग्रोसच्या घरातच होती. मागच्या खोलीत शिवणाचं मशीन टाकलेलं, मुलाला शाळेतून आणायचं काम तिच्याकडे. दोघी स्वयंपाकघरात भातात मीठ किती यावरून वाद घालत होत्या. आम्ही बसलेलो असताना नव्यानं राहायला आलेली शेजारीण काहीतरी मागायला आली आणि नेरेइदाकडे बघून म्हणाली, "या तुमच्या कोण?"

मिलाग्रोस क्षणभर थांबली. मग म्हणाली, "ही आमच्या घरची," आणि मिठाचा डबा नेरेइदाच्या हातातून काढून घेतला.